डावा कोपरा आणि चार माग

“पाय उचलला असं वाटलं की कळ दाबायची, अण्णा. विचार करत बसायचं नाही.”

होगाडे अण्णांनी मान हलवली आणि लॅपटॉपसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते जेमतेम मावत होते. डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली होती. अकरा हंगामांत ती तीनदा मोडली होती आणि तिसऱ्या वेळी ते डॉक्टरकडे गेलेच नव्हते. उजव्या हाताचं बोट त्यांनी कळीवर इतकं हलकं ठेवलं, की कळ दबलीय की नाही ते मला वाकून पाहावं लागलं.

पडद्यावर चढाई सुरू झाली. सिद्धेश गावंड, आमचा सगळ्यात चपळ चढाईपटू, मध्यरेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे येत होता. चित्रण मी स्वतः केलं होतं, कॅमेरा बरोबर डाव्या कोपरारक्षकाच्या छातीच्या उंचीवर ठेवून, म्हणजे अण्णा जिथं उभे राहतात तिथूनच.

“आवाज न्हाई याला?” अण्णांनी विचारलं.

“मुद्दाम बंद केलाय. मला फक्त तुमचे डोळे मोजायचेत.”

“मोजा,” ते म्हणाले आणि पडद्याकडे बघू लागले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून खेळाडूंच्या हालचाली मोजण्याचं एक वर्षाचं शिक्षण घेतलं होतं, आणि व्यावसायिक कबड्डी लीगमधल्या एका संघानं मला तीन महिन्यांसाठी ठेवून घेतलं होतं. पुण्याबाहेरच्या एका क्रीडासंकुलात शिबिर होतं. अठरा खेळाडू होते. शिबिराच्या शेवटी त्यातल्या बाराजणांशी हंगामाचा करार होणार होता, बाकीचे सहाजण घरी जाणार होते. अण्णा पस्तीस वर्षांचे होते. या वेळी घरी गेले असते, तर त्यांना परत कुणी बोलावलं नसतं. हे त्यांना माहीत होतं आणि इतर सतराजणांनाही.

माझी चाचणी साधी होती. वीस चढाया. चढाईपटूचा पाय जमिनीवरून सुटतो तो क्षण मी प्रत्येक चित्रणात आधीच शोधून ठेवला होता. खेळाडूनं कळ त्या क्षणाच्या आधी दाबली की नंतर, आणि किती मिलिसेकंदांनी, एवढंच बघायचं. तरुण पोरांचे आकडे उणे तीस, उणे चाळीस असे येत होते. म्हणजे पाय सुटायच्या किंचित आधीच त्यांना चाहूल लागत होती. अण्णांची सरासरी आली अधिक एकशे बारा. चढाईपटू पाय मारून, गडी टिपून परत वळला असता, तेव्हा कुठं अण्णांनी कळ दाबली होती.

अठरा जणांत अठरावे.

मी तक्ता छापून प्रशिक्षक तावडे सरांकडे नेला. सर एकेकाळी रेल्वेकडून खेळलेले, फार कमी बोलणारे. त्यांनी शेवटच्या ओळीभोवती लाल पेनानं गोल केला, कागदाची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

“वाटलंच होतं,” ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी चाचणी सामना आहे. तोवर कुणाला बोलू नका.”

मी कुणाला बोलले नाही. पण त्याच दिवशी सरावाला गेले, आणि माझ्यासमोर अण्णांनी सिद्धेशचा घोटा चारपैकी तीनदा पकडला.

ते कसं दिसायचं हे सांगायला हवं. अण्णा कोपऱ्यात किंचित वाकून उभे असायचे, हात सैल सोडलेले, चेहऱ्यावर एखाद्या सरकारी कार्यालयात रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा भाव. सिद्धेश समोर नाचायचा, हूल द्यायचा, मागे जायचा. अण्णा ढिम्म. मग सिद्धेशचा पाय सुटायचा आणि अण्णांचा हात तिथं आधीच असायचा. पाय हातात येऊन पडायचा. बाकीचे धावत येऊन कमरेला मिठी घालेपर्यंत अण्णा तो घोटा नुसता धरून ठेवायचे, रागाबिगाचा लवलेश नाही.

सिद्धेश पेणकडचा, एकवीस वर्षांचा, अण्णांच्याच खोलीत राहायचा. मॅटवरून उठून तो माझ्याजवळ पाणी प्यायला आला. “मॅडम, मी अण्णांना सांगून पाय टाकतो का काय, तेच मना कळत नाय.”

मग त्यानं त्याचं दुसरं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांच्या खोलीतल्या पंख्याचं बेअरिंग गेलं होतं आणि पंखा रात्रभर खडखडायचा. संकुलाचा माणूस दोनदा दुरुस्तीला आला होता आणि दोन्ही वेळा अण्णांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. पंखा बंद केला की अण्णा उठून बसतात म्हणे. मी हसले आणि ते विसरून गेले.

त्या सरावाचं चित्रण मी खोलीवर नेऊन एकेक चौकट पुढं सरकवत पाहिलं. सिद्धेशचा पाय सुटतो त्याच्या आधी अण्णांचा उजवा खांदा खाली झुकलेला असे. दर वेळी. शंभर ते दीडशे मिलिसेकंद आधी. अंदाजानं झेप घेणारा खेळाडू अधूनमधून फसतो, हुलीला भुलतो. अण्णा हुलीला एकदाही हलले नव्हते. म्हणजे तो अंदाज नव्हता. माझ्या यंत्रावर सगळ्यात मंद ठरलेला माणूस मॅटवर सगळ्यांच्या आधी पोचत होता. दोनपैकी एक मोजमाप चूक होतं, आणि मॅट चूक असणं शक्य नव्हतं.

मी अण्णांना परत एकदा चाचणी द्याल का म्हणून विचारलं. त्यांनी कारण विचारलं नाही. जेवणानंतर, मेस रिकामी झाल्यावर, आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. सकाळीच मी लॅपटॉपवर गाणी लावली होती आणि आवाज तसाच मोठा राहिला होता. पहिली चढाई सुरू झाली तशी सगळ्या मेसमध्ये सिद्धेशची कबड्डी-कबड्डी घुमली. आचारी भांडं घासता घासता वळून पाहू लागला. मी आवाज बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात अण्णांनी कळ दाबली.

पडद्यावर आकडा उमटला. उणे एकशे एकोणतीस.

मी हात मागे घेतला. दुसरी चढाई. उणे एकशे चौतीस. तिसरी, चौथी. पाचव्या चढाईत सिद्धेशनं दोनदा हूल दिली होती. अण्णांचं बोट हललं नाही. मग हललं, आणि नेमकं.

मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आता अण्णांसमोर लॅपटॉपची पाठ होती आणि कळफलक माझ्याकडे, म्हणून मी त्यांना टेबलावर बोट आपटायला सांगितलं आणि मीच पडद्याकडे बघत बसले. त्यांना काहीही दिसत नव्हतं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, ते त्याच्याकडे बघत होते. वीस चढाया झाल्या. अठरा वेळा त्यांचं बोट टेबलावर पडलं आणि मग पडद्यावरच्या सिद्धेशचा पाय उठला. मला ते उलटंच वाटायला लागलं, जणू अण्णांनी बोट आपटलं म्हणून तो पाय उचलतोय.

माझ्या हातावर काटा आला होता. तो अण्णांना दिसू नये म्हणून मी बाही खाली ओढली.

“अण्णा, तुम्हाला काय ऐकू येतं?”

“कशाचं?”

“तो पाय टाकणार हे कसं कळतं?”

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. “कळत न्हाई ताई. हात जातोय.”

पुढचे दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. शिबिरातल्या चारही चढाईपटूंचा आवाज मी आलेखात उतरवला. शेवटी सापडलं. चढाईपटू एका दमात कबड्डी-कबड्डी म्हणत असतो. पाय फेकायच्या आधी तो पोट आवळतो, आणि आवळताना त्या वेळच्या ‘कबड्डी’चं शेपूट पन्नास-साठ मिलिसेकंदांनी तुटतं. हूल देताना पोट आवळलं जात नाही, म्हणून शेपूट तुटत नाही. पापणी लवायला लागतो त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ. मी हेडफोन लावून पन्नास वेळा ऐकलं, मला फरक कळला नाही. आलेखात रेघ आखली तेव्हाच दिसला. आणि हा माणूस ते दुसऱ्या माणसाच्या तोंडून, अंगावर येत असताना, वर्षानुवर्षं ऐकत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं.

आता माझी चूक.

मी तो आलेख मोठा छापून घेतला आणि सोमवारी सकाळी सरावाच्या आधी अण्णांना दाखवला. सगळं समजावून सांगितलं. ही नेहमीची कबड्डी, ही तुटलेली. मी इतक्या आनंदात होते की मध्ये श्वास घ्यायलाही थांबले नसेन. अण्णांनी कागद हातात घेतला, त्या तुटलेल्या जागेवर वाकडी करंगळी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले. ते खूश झाले होते. “हे मी ऐकतोय?” त्यांनी दोनदा विचारलं. कागद त्यांनी मागून घेतला, घरी दाखवायला.

त्या सकाळी त्यांनी एकही पकड केली नाही.

संध्याकाळी दोनदा ते हुलीला भुलून पुढं गेले आणि सिद्धेश त्यांच्या खांद्याला हात लावून हसत परतला. मंगळवारी तेच. बुधवारी ते इतके उशिरा झुकले की त्यांचं बोट सिद्धेशच्या टाचेखाली आलं. कपाळावर आठी, मान एका बाजूला कलती, असे ते कोपऱ्यात उभे राहू लागले. ऐकण्याचा प्रयत्न करणारा माणूस दुरूनही ओळखू येतो. मी त्यांना पाहत होते ते पाचच आठवडे, त्यामुळे तो भाव त्यांच्या चेहऱ्यावर कधीच आला नसेल असं सांगता येणार नाही. पण तो तिथला नव्हता, एवढं मला कळत होतं.

मी तावडे सरांना सगळं सांगितलं होतं. बुधवारी ते मॅटच्या कडेला माझ्याजवळ येऊन उभे राहिले. खिशातला कागद त्यांनी बाहेर काढला नाही, नुसता वरून चाचपला.

“तुमचा पहिलाच आकडा बरोबर होता, मॅडम,” ते म्हणाले.

यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी मी अण्णांना शोधत गेले. ते व्यायामशाळेच्या पायरीवर बोटाला बर्फ लावून बसले होते. माफी कशी मागायची याची मी वाक्यं जुळवत आले होते, ती त्यांनी बोलू दिली नाहीत. त्यांच्या शेजारची जागा त्यांनी हातानं झाडली. मी बसले.

“आधी हात पुढं जायचा ताई,” ते म्हणाले. “आता कान पुढं जातोय. हात त्याच्या मागनं.”

“मी सांगायला नको होतं.”

“तुमी कुठं खोटं सांगितलं?” बर्फाची पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. “जिना उतरताना पायऱ्या मोजाय लागलं की माणूस पडतंय. तसं झालंय. चार दिसांत विसरायचं म्हणलं तर कसं विसरू, ते तेवडं सांगा.”

पुस्तकात उत्तर होतं: खेळाडूचं लक्ष कौशल्यावरून दुसरीकडे वळवावं. पाढे म्हणायला लावावे, मनात गाणं म्हणायला सांगावं. गुरुवारी आम्ही पाढे करून पाहिले. अण्णा एकोणिसाच्या पाढ्यात अडकले आणि सिद्धेश त्यांच्या पायावर पाय देऊन गेला.

त्या रात्री जेवताना सिद्धेश डोळे चोळत आला. सकाळी अण्णा खोलीत नसताना त्यानं माणूस बोलावून पंख्याचं बेअरिंग बदलून घेतलं होतं, दुपारी दोन तास निवांत झोपावं म्हणून. पण अण्णाच झोपेनात आणि त्यालाही झोपू देईनात. खोलीत येरझाऱ्या घालत होते. “इचलकरंजीचा माणूस,” सिद्धेश म्हणाला, “घरात चार चार माग. शांत झालं की याला वाटतंय काहीतरी बिघडलंय.”

मी घास तसाच ठेवून उठले.

शिबिराच्या नोंदवहीत सगळ्यांच्या घरचे नंबर होते. शुक्रवारी दुपारी मी इचलकरंजीला फोन लावला. पलीकडून आधी नुसता खडखडाट आला, मग त्याच्यावरून एका बाईचा आवाज.

“कोण बोलतंय? जरा मोठ्यानं बोला, माग चालू हाईत.”

मी ओरडून नाव सांगितलं, शिबिरातून बोलतेय म्हणाले.

“त्यास्नी लागलंय का? खरं सांगा.”

लागलं नाही, अण्णा ठणठणीत आहेत, हे मला तीनदा सांगावं लागलं. मग मी म्हणाले की वहिनी, मला तुमच्या मागांचा आवाज हवाय, अर्धा तास फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल का. शोभावहिनींनी यावर काय विचार केला असेल कोण जाणे. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की हे घरी असले की दुपारी मागाशेजारी चटई टाकून झोपतात आणि वीज गेली की दचकून उठतात. आणि आवाज लागतो कशाला ते त्यांना नंतर सांगावं. तासाभरात आवाज आला. चार यंत्रमागांचा सलग खटखटाट. माझ्या कानांना तो एकच आवाज होता, पत्र्यावर गारांचा सडा पडावा तसा.

शनिवारी चाचणी सामना सुरू झाला. नेहमीप्रमाणे मोठ्या स्पीकरवर प्रेक्षकांचा कोलाहल लावलेला असे, पोरांना सवय व्हावी म्हणून. ते काम माझ्याकडे होतं. पहिल्या वीस मिनिटांत सिद्धेश डाव्या कोपऱ्याकडे चारदा आला आणि चारही वेळा सुटला. चौथ्या वेळी अण्णा हुलीवर इतके पुढं गेले की मॅटवर हात टेकून उठले. तावडे सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

मध्यंतरात मी स्पीकरची वायर काढून माझा फोन जोडला. आवाजाची पातळी मोजली, आधी होती तितकीच ठेवली, पंच्याण्णव डेसिबल. खेळाडू मॅटवर आले आणि मी माग सुरू केले.

“मॅडम, गिरणीत आणलंय काय आम्हाला?” सिद्धेश ओरडला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजणीचं यंत्र वर धरून त्यांना आकडा दाखवला.

अण्णा कोपऱ्यात जाऊन उभे होते. त्यांनी एकदा स्पीकरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच नाही. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. मान सरळ झाली. कपाळावरची आठी गेली आणि तो रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा भाव परत आला.

सिद्धेश चढाईला आला. मी मॅटपासून तीन मीटरवर होते आणि मला त्याची कबड्डी ऐकू येत नव्हती, फक्त ओठ हलताना दिसत होते. तो उजवीकडे गेला, वळला, डाव्या कोपऱ्यासमोर आला, हूल दिली. अण्णा हलले नाहीत. दुसरी हूल. हलले नाहीत. मग खांदा झुकला, आणि पाय हातात येऊन पडला.

त्या अर्ध्या खेळात सिद्धेश पाचदा कोपऱ्याकडे आला. चारदा धरला गेला. पाचव्या वेळी तो कोपऱ्याकडे आला आणि पाय न टाकताच परत गेला. मध्यरेषेवर पोचल्यावर त्यानं अण्णांना हात जोडले, अर्धे थट्टेत.

सामना संपल्यावर तावडे सरांनी मला बोलावलं. खिशातला चौघडीचा कागद उलगडून त्यांनी टेबलावर ठेवला. लाल गोल तसाच होता.

“होगाडे बारात आहे,” ते म्हणाले. “कागद वर व्यवस्थापनाकडे पाठवायचाय. इथं आता कुठला आकडा टाकू ते सांगा.”

मी अधिक एकशे बारावर रेघ मारली. उणे एकशे तीस लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. मॅटजवळ मी मायक्रोफोन ठेवला होता. दुसऱ्या अर्ध्यातलं ध्वनिमुद्रण मी एवढ्यात दोनदा तपासलं होतं. त्यात खटखटाटाखेरीज काहीही नव्हतं. ते साठ मिलिसेकंद नव्हते, सिद्धेशचा आवाजसुद्धा नव्हता. माझ्या यंत्राला जे ऐकू आलं नव्हतं, त्याचा आकडा मी कुठून आणणार? मी त्या रकान्यात लिहिलं, “मोजता आले नाही.”

सरांनी वाचलं. “तुम्ही सायन्सच्या ना?”

“म्हणूनच, सर.”

त्यांनी कागदाची परत चौघडी केली.

अण्णा त्यानंतर दोन पूर्ण हंगाम खेळले आणि मग स्वतःच थांबले. त्यांच्या पकडींची नोंद लीगच्या कागदपत्रांत आहे, कुणालाही पाहता येईल. ही नोंद तिथं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

त्या शनिवारी मी वायरी गुंडाळत होते. अण्णा टॉवेलनं मान पुसत आले. मला वाटलं ते विचारतील, हे कसं सुचलं. किंवा काही तरी बोलतील, चार शब्द. ते माझ्या फोनकडे बघत होते.

“तो आवाज कवाचा?”

“काल दुपारचा.”

“आमच्याच घरचा हाय.”

“हो. वहिनींनी पाठवला.”

त्यांनी मान हलवली. ते त्यांना पहिल्या क्षणीच कळलं होतं, विचारायचं म्हणून विचारलं होतं. “दाराकडनं तिसरा माग,” ते म्हणाले, “धोटा नीट बसंना झालाय त्याचा. शोभाला फोन लावा. म्हणावं, तो बंद ठेव, जॉबरला बोलव. उडंल. कुणाला तरी लागंल.”

जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धावणारा, टोकाला लोखंड लावलेला लाकडी ठोकळा. तो उडाला तर डोकं फुटू शकतं. अण्णांचा स्वतःचा फोन खोलीवर होता. मी माझ्या फोनवरून नंबर लावला आणि त्यांच्याकडे द्यायला गेले, पण सरांनी त्यांना हाक मारली होती. ते मला हातानं तुम्हीच बोला असं खुणावून गेले.

“वहिनी, अण्णा म्हणतायत तिसरा माग बंद करा,” मी ओरडले. “धोटा उडेल म्हणाले.”

“उडाला की,” शोभावहिनी म्हणाल्या. “काल तुमाला आवाज पाठवला, त्याच्या माघारी पाच मिन्टांत. खिडकीची काच गेली. कुणाला लागलं न्हाई, देवाची कृपा. पर तुमाला कुणी सांगितलं?”

मी मॅटकडे पाहिलं. अण्णा सरांसमोर हात मागे बांधून उभे होते आणि सर त्यांना काहीतरी सांगत होते, बहुतेक तेच, बारात असल्याचं.

“कुणी नाही,” मी म्हणाले. “त्यांनी ऐकलं.”

वहिनींच्या मागे माग चालू होते. मी फोन कानाला घट्ट दाबून, डोळे मिटून ऐकत राहिले. तीन चालू होते की तिसरा दुरुस्त होऊन चार, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.